जन्माचे बहुमत आणि श्रीलंकेचा धडा

गेल्या वर्षावासात एका विहारात संविधानावर बोलायला गेलो होतो. भाषणानंतर प्रश्नोत्तरे सुरू झाली. मागच्या रांगेतला बी.ए.ला शिकणारा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, श्रीलंका तर बौद्धांचा देश. तिथल्या घटनेत बौद्ध धम्माला पहिलं स्थान आहे. मग तिथं सव्वीस वर्षं माणसं का मारली गेली?" सभागृहात चुळबूळ झाली. पुढे बसलेले एक ज्येष्ठ उपासक हळूच मला म्हणाले, "वकीलसाहेब, हा विषय इथं नको. बाहेरचे लोक याचाच फायदा घेतात." वेळही संपत आली होती. मी चार वाक्यांत काहीतरी उत्तर दिले आणि वंदना घेऊन कार्यक्रम आटोपला. परंतु त्या मुलाचे समाधान झाले नव्हते, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते. राहिलेले उत्तर आज लिहितो आहे.

श्रीलंकेचे आपल्यावर ऋण आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. महेंद्र आणि संघमित्रा यांनी नेलेला धम्म त्या बेटाने जपला. पाली त्रिपिटक प्रथम तेथेच लिहून काढले गेले. भारतात धम्म लोप पावल्यावर बुद्धगयेच्या मुक्तीसाठी उभे राहिलेले अनागारिक धर्मपाल त्याच भूमीतले. म्हणूनच त्या देशाविषयी बोलताना आपली जीभ अडखळते. पण कालामसुत्त मानणाऱ्यांनी अडखळून चालत नाही. आपल्या माणसाची चूक झाकायची आणि दुसऱ्याची चव्हाट्यावर आणायची, ही रीत आपली नव्हे.

राज्य कोण बनवतो?

एकाच राज्यात अनेक वंशांचे, भाषांचे, धर्मांचे लोक कसे येतात? ते एकत्र बसून ठराव करून येतात असे क्वचितच घडते. बहुतेक वेळा त्यांना कोणीतरी एका दावणीला बांधतो. कधी तो जेता असतो, कधी कारभाराची सोय पाहणारा साम्राज्याचा अधिकारी असतो, तर कधी स्वस्त मजूर हवा असलेला मळेवाला असतो. शेजारच्या बलाढ्य सत्तेच्या भीतीने लहान लोकसमूह एकत्र आल्याचीही उदाहरणे आहेत. १९१८ साली सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांचे जे राज्य उभे राहिले, ज्याला पुढे युगोस्लाव्हिया म्हटले गेले, त्यामागे ही भीती होतीच.

श्रीलंकेत या सगळ्या गोष्टी एकेक करून घडल्या. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज आले तेव्हा त्या बेटावर एक राज्य नव्हते. कोट्टे, कँडी आणि उत्तरेत जाफन्याचे तमिळ राज्य अशी वेगवेगळी राज्ये होती. पोर्तुगीजांनी १६१९ मध्ये जाफना घेतले. पुढे डच आले, नंतर १७९६ मध्ये इंग्रज आले. १८१५ मध्ये कँडीचे राज्यही इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८३३ मध्ये कोलब्रुक-कॅमेरून यांच्या शिफारशीनुसार साऱ्या बेटाचा कारभार कोलंबोहून एकछत्री चालू झाला. म्हणजे आज ज्याला आपण एकसंध श्रीलंका म्हणतो ती कारभाराची चौकट इंग्रजांनी आपल्या सोयीसाठी बांधली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कँडीच्या गादीवरचे शेवटचे राजे नायक्कर वंशाचे होते. दक्षिण भारतातून आलेले, शैव परंपरेतले हे घराणे. परंतु त्यांच्यापैकी कीर्ती श्री राजसिंह याच्या काळात, १७५३ मध्ये, सयामहून भिक्खू आणून लंकेत खंडित झालेली उपसंपदा पुन्हा सुरू करण्यात आली. त्या संघाची एक मोठी परंपरा आजही 'सयाम निकाय' म्हणून ओळखली जाते. सिंहली आणि तमिळ हे हजारो वर्षांचे हाडवैरी आहेत असे जे सांगितले जाते, ते या एका घटनेपुढे टिकत नाही. वंशांचे वैर हे मातीतून उगवत नाही. नोकऱ्या, जमिनी, मतपेट्या आणि सत्ता यांची वाटणी सुरू झाली की ते पेरले जाते.

कॉफीचे आणि नंतर चहाचे मळे उभे राहिले तेव्हा इंग्रज मळेवाल्यांनी तमिळनाडूतून लाखो मजूर नेले. हे जाफन्याचे तमिळ नव्हेत. भाषा एक, पण वस्ती वेगळी, इतिहास वेगळा आणि मुख्य म्हणजे जात वेगळी. मळ्यावरच्या या मजुरांमध्ये मोठा भाग अस्पृश्य जातींचा होता. एकेका खोलीच्या रांगांमध्ये, ज्यांना तिथे 'लाइन' म्हणतात, त्यांच्या पिढ्या गेल्या. डोंगर त्यांनी साफ केले, देशाला परकीय चलन त्यांनी मिळवून दिले.

पहिला घाव कोणावर?

४ फेब्रुवारी १९४८ रोजी सिलोन स्वतंत्र झाला. त्याच वर्षी नागरिकत्वाचा कायदा झाला. कायद्यात 'तमिळ' हा शब्द नव्हता, 'मजूर' हा शब्द नव्हता. अट एवढीच होती की वडिलांचा जन्म, किंवा आजोबा-पणजोबांचा जन्म, सिलोनमध्ये झाल्याचे सिद्ध करावे. ज्याच्या घरात दप्तर आहे त्याला ही अट काहीच नाही. मळ्याच्या लाइनमध्ये जन्मलेल्याने आजोबाचा जन्मदाखला कोठून आणायचा? १९४९ मध्ये दुसरा कायदा करून अर्ज करण्याची वाट ठेवली, पण तिच्या अटी अशा कडक की फार थोडे त्यात बसले. त्याच वर्षी निवडणूक कायद्यात दुरुस्ती करून नागरिक नसलेल्यांचा मताधिकार काढला. सात लाखांहून अधिक माणसे स्वतंत्र देशात बिनदेशाची झाली.

सिलोनच्या त्या वेळच्या सोलबरी घटनेत कलम २९ होते. कोणत्याही जमातीवर किंवा धर्मीयांवर इतरांवर नसलेली बंधने लादणारा कायदा संसदेला करता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. या कलमाच्या आधारे नागरिकत्वाच्या कायद्यांना आव्हान दिले गेले. १९५३ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला की, नागरिक कोण हे ठरवणे राज्याचे स्वाभाविक काम आहे आणि कायदा कोणत्याही जमातीचे नाव घेत नाही. झाले! कायद्याच्या विद्यार्थ्यांनी हा निकाल जरूर वाचावा. शब्दांनी सर्वांना समान असलेला कायदा परिणामाने एकाच वर्गाला कसा चिरडतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे. आपल्याकडे ज्या भटक्या-विमुक्तांच्या पालावर कागदाचा कपटाही नसतो, त्यांच्याकडे कोणी पन्नास वर्षांपूर्वीचा पुरावा मागितला की मला सिलोनचा मळा आठवतो.

आता दुसरी बाजू पाहा. जाफन्याचे उच्चवर्णीय तमिळ नेतृत्व त्या वेळी काय करत होते? त्यांचे प्रमुख पुढारी जी. जी. पोन्नंबलम १९४८ मध्येच सरकारात मंत्री झाले. 'मळेवाले आपले नव्हेत' ही भावना त्या वर्गात होती. जाफन्यात वेल्लाळर जातीचा दबदबा एवढा की १९६८ साली तेथील मावित्तपुरम मंदिरात प्रवेशासाठी दलितांना लढा द्यावा लागला. पोन्नंबलम यांच्या पक्षातून चेल्वनायकम बाहेर पडले. १९४९ मध्ये त्यांनी फेडरल पक्ष काढला आणि बजावले की आज मळेवाल्यांवर आलेली पाळी उद्या आपल्यावर येईल. ती यायला सात वर्षे लागली.

१९५६ : दोन देश, दोन वाटा

१९५६ हे वर्ष आपल्या काळजावर कोरलेले आहे. त्या वर्षी तथागतांच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षे झाली म्हणून जगभर बुद्धजयंती साजरी झाली. १४ ऑक्टोबरला नागपूरच्या भूमीवर बोधिसत्त्व बाबासाहेबांनी लाखो अस्पृश्यांना धम्मदीक्षा दिली. ज्यांना समाजाने बाहेर ठेवले होते त्यांना माणूस म्हणून आत घेणारा तो धम्म होता.

त्याच वर्षी, त्याच बुद्धजयंतीच्या उत्साहात, सिलोनमध्ये एस. डब्ल्यू. आर. डी. बंडारनायके निवडून आले. चोवीस तासांत सिंहली ही एकमेव राजभाषा करू, हे त्यांचे आश्वासन होते. अनेक भिक्खू प्रचारात उतरले होते. 'फक्त सिंहली' कायदा संमत झाला. त्याला विरोध म्हणून कोलंबोत शांततेने सत्याग्रहाला बसलेल्या तमिळ नेत्यांना जमावाने मारहाण केली. एकाच वर्षी तथागतांच्या नावाने एके ठिकाणी दार उघडले गेले आणि दुसऱ्या ठिकाणी बंद केले गेले!

न्यायाने बोलायचे तर सिंहली जनतेचे गाऱ्हाणे खोटे नव्हते. गोऱ्यांच्या राज्यात इंग्रजी जाणणाऱ्या मूठभरांनाच नोकरी होती. जाफन्यात मिशनऱ्यांच्या शाळा लवकर निघाल्या, त्यामुळे तेथील तमिळ नोकऱ्यांत पुढे गेले. खेड्यातला सिंहली शेतकऱ्याचा मुलगा मागे राहिला. त्याला त्याच्या भाषेत शिक्षण आणि कारभार मिळायलाच हवा होता. परंतु त्यासाठी इंग्रजी घालवून सिंहली व तमिळ दोन्ही आणता आल्या असत्या. तसे न करता लोकसंख्येत सुमारे ७० टक्के असलेल्यांनी उरलेल्यांची जीभ कापली. डाव्या पक्षाचे कोल्विन डी सिल्व्हा यांनी त्या वेळीच इशारा दिला होता की, दोन भाषा ठेवाल तर राष्ट्र एक राहील, एक भाषा लादाल तर राष्ट्रे दोन होतील.

बंडारनायके यांनाही चूक उमगली असावी. जुलै १९५७ मध्ये त्यांनी चेल्वनायकम यांच्याशी करार केला. प्रादेशिक परिषदा आणि तमिळ भाषेचा कारभारात वापर अशी समंजस तडजोड होती. विरोधी पक्षाने तिच्याविरुद्ध मोर्चा काढला, आणि एप्रिल १९५८ मध्ये भिक्खूंनी पंतप्रधानांच्या घरासमोर ठाण मांडल्यावर करार मोडीत काढला गेला. महिन्याभरात दंगली पेटल्या. सप्टेंबर १९५९ मध्ये बंडारनायके यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या; झाडणारा चीवरधारी होता.

कलम २९ चा मृत्यू

एका खटल्याची हकीकत सांगतो. कोडीश्वरन नावाचे एक तमिळ सरकारी कारकून होते. सिंहली भाषेची परीक्षा देण्यास त्यांनी नकार दिला म्हणून १९६२ मध्ये त्यांची पगारवाढ रोखली गेली. ते कोर्टात गेले. १९६४ मध्ये जिल्हा न्यायालयाने राजभाषा कायदा कलम २९ च्या विरुद्ध म्हणून अवैध ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने भाषेच्या प्रश्नात न शिरता, सरकारी नोकराला पगारासाठी सरकारवर दावाच करता येत नाही, असे म्हणून तो निकाल फिरवला. १९६९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने दावा करता येतो असे सांगितले आणि मूळ घटनात्मक प्रश्न निर्णयासाठी परत पाठवला. तो निर्णय कधीच झाला नाही. आधी प्रिव्ही कौन्सिलकडे जाणारी अपिले बंद केली गेली आणि १९७२ च्या नव्या घटनेत कलम २९ च वगळले गेले. सिंहलीला घटनात्मक दर्जा आणि बौद्ध धम्माला अग्रस्थान मात्र मिळाले. या घटनेचे प्रमुख शिल्पकार कोण? तेच कोल्विन डी सिल्व्हा, ज्यांनी १९५६ मध्ये इशारा दिला होता! माणसे शहाणी असून भागत नाही. सत्तेच्या गणितात शहाणपणही गहाण पडते.

याच सुमारास विद्यापीठ प्रवेशात तमिळ माध्यमाच्या विद्यार्थ्यांना सिंहली माध्यमाच्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त गुण मिळवण्याची अट आली. आरक्षणवादी म्हणून आपण याचे समर्थन करावे काय? मुळीच नाही. आरक्षण हे दुबळ्याला बळ देण्यासाठी असते. येथे कसोटी गरिबीची नव्हती, सामाजिक मागासलेपणाची नव्हती, ती माध्यमाची होती. आणि लाभ बहुसंख्याकांना होता. नंतर मागास जिल्ह्यांना राखीव जागा देण्याची जी पद्धत आली तिचा फायदा काही मागास तमिळ व मुस्लिम भागांनाही झाला. ती योग्य दिशा होती. फरक हाच की सवलत वंचिताला आहे की सत्ताधाऱ्याच्या जमातीला.

सनदशीर मार्ग एकेक करून बंद झाले तेव्हा १९७६ मध्ये तमिळ पक्षांनी वट्टुकोट्टई येथे स्वतंत्र राज्याचा ठराव केला. १९८१ मध्ये जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय जाळले गेले. ९० हजारांहून अधिक पुस्तके आणि ताडपत्रे राख झाली. नालंदाची राख ज्यांच्या स्मरणात आहे त्यांना याचे दुःख वेगळे सांगायला नको. जुलै १९८३ मध्ये लिट्टेच्या हल्ल्यात १३ सैनिक मारले गेले आणि कोलंबोत मतदार याद्या हातात घेऊन तमिळांची घरे शोधून जाळली गेली. तेथून युद्ध सुरू झाले ते मे २००९ पर्यंत. युनोच्या महासचिवांनी नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने २०११ मध्ये म्हटले की केवळ शेवटच्या टप्प्यात ४० हजारांपर्यंत नागरिक मारले गेले असू शकतात.

बंदूक कोणाची सुटका करते?

लिट्टेविषयी आपल्याकडे काही तरुणांना आकर्षण होते. म्हणून हेही लिहिले पाहिजे. १९८५ मध्ये अनुराधपूरच्या महाबोधिवृक्षाच्या परिसरात लिट्टेने उपासकांसह शंभराहून अधिक निरपराध माणसे मारली. १९९० मध्ये उत्तरेतल्या हजारो मुसलमानांना, जे स्वतः तमिळच बोलत होते, थोड्या तासांची मुदत देऊन घराबाहेर काढले. १९९८ मध्ये कँडीच्या दंतधातू मंदिरावर बॉम्ब टाकला. बहुसंख्याकांच्या जुलमाविरुद्ध उठलेल्यांनी आपल्या हद्दीतल्या अल्पसंख्याकांवर तोच जुलूम केला.

आणि सिंहली गरिबाला काय मिळाले? १९७१ मध्ये आणि पुन्हा १९८७ ते ८९ या काळात बेकार सिंहली तरुणांनी जनता विमुक्ती पेरमुनाच्या झेंड्याखाली बंड केले. सिंहलींच्याच सरकारने हजारो सिंहली, बौद्ध मुले मारली. आपल्या भाषेचे, आपल्या धर्माचे राज्य आले म्हणून पोट भरत नाही, आणि गोळीही चुकत नाही. २०१४ मध्ये अलुथगमा आणि २०१८ मध्ये कँडी परिसरात मुसलमानांची घरे जळाली. २०१९ मध्ये इस्टरच्या दिवशी अतिरेक्यांनी चर्चमध्ये बॉम्बस्फोट केले. २०२२ मध्ये तिजोरी रिकामी झाली, इंधनाच्या रांगा लागल्या, आणि 'युद्ध जिंकणारे' राजपक्षे यांना जनतेने पळवून लावले. त्या आंदोलनात सिंहली, तमिळ, मुसलमान एकत्र बसलेले जगाने पाहिले. २०२४ च्या संसदीय निवडणुकीत जाफना जिल्ह्यानेही प्रथमच दक्षिणेतल्या सिंहलीबहुल आघाडीला सर्वाधिक जागा दिल्या. लोक पुढे येतात. प्रश्न राज्यघटना पुढे येते की नाही हा आहे. १९८७ मध्ये भारत-श्रीलंका करारानंतर तमिळलाही राजभाषेचा दर्जा आणि प्रांतांना परिषदा मिळाल्या. म्हणजे जे १९५७ मध्ये सहीने मिळत होते, त्यासाठी तीस वर्षे आणि हजारो प्रेते लागली. आणि त्या परिषदांचीही २०१९ पर्यंत मुदत संपली तरी वेळेवर निवडणुका झाल्या नाहीत.

बाबासाहेबांचे निदान

१९५५ च्या 'थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स' या पुस्तकात बाबासाहेबांनी जुन्या ऑस्ट्रियन आणि तुर्की साम्राज्यांचा दाखला दिला आहे. अनेक भाषांचे लोक एका राज्यात कोंबले की राज्य डळमळते, हे त्यांनी मान्य केले. म्हणून ते भाषिक राज्याच्या बाजूने होते. पण ते तेथेच थांबले नाहीत. भाषिक राज्यातही एक मोठी जात आणि तिच्या आधाराने जगणाऱ्या लहान जाती अशीच रचना असते, मग त्या लहानांचे काय, हा प्रश्न त्यांनी विचारला. राजकीय बहुमत बदलते, ते पटवून मिळवावे लागते. जमातीचे बहुमत जन्मानेच ठरलेले असते, ते कधीही बदलत नाही. अशा बहुमताच्या हाती सारी सत्ता देणे म्हणजे लोकशाही नव्हे. त्यावर उपाय म्हणून त्यांनी लहान राज्ये आणि एकाहून अधिक प्रतिनिधींचे मतदारसंघ सुचवले. त्याआधी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये अल्पसंख्याकांची संरक्षणे घटनेतच लिहून ठेवण्याचा आराखडा त्यांनी मांडला होता.

श्रीलंकेचा रोग नेमका हाच होता. अनेक वंश एकत्र आले हा दोष नव्हता. स्वित्झर्लंडमध्येही अनेक भाषा एकत्र नांदतात. जन्माच्या बहुमताला लगाम घालणारे कलम होते, पण ते कोर्टात दुबळे ठरले आणि शेवटी पुसले गेले, हा दोष होता. योगायोग पाहा, आपल्याही संविधानात भाषा, लिपी आणि संस्कृती जपण्याचा हक्क देणारे कलम २९ च आहे. आपल्या संविधानाचा मूलभूत गाभा संसदेला बदलता येत नाही, असे १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. सिलोनमध्ये असा दोर कापला गेला १९७२ मध्ये. एका वर्षाचे अंतर, पण दोन देशांचे भवितव्य त्यात आहे.

एक आठवण सांगून थांबतो. १९५० मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी सिलोनला गेले होते. कोलंबोच्या टाऊन हॉलमधील सभेत त्यांनी तेथील अस्पृश्यांना बौद्ध होण्याचे आवाहन केले, आणि तेथील बौद्धांना सांगितले की या लोकांना आपले म्हणा, बापाच्या मायेने त्यांची काळजी घ्या. मळ्यावरच्या मजुरांचे नागरिकत्व काढून घेतल्याला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. ते सांगणे कोणी ऐकले नाही. १९६४ मध्ये शास्त्री आणि सिरिमावो बंडारनायके यांनी करार करून सव्वापाच लाख माणसे भारताने घ्यावीत, तीन लाख सिलोनने ठेवावीत, दीड लाखांचे नंतर पाहू, अशी वाटणी केली. माणसांना कोणी विचारले नाही. तिथे राहिलेल्या शेवटच्या बिनदेशी मजुराला नागरिकत्व देणारा कायदा २००३ मध्ये झाला.

त्या विहारातल्या मुलाला माझे उत्तर असे आहे. बाळा, तिथे धम्म कमी पडला नाही. धम्माचे नाव बहुमताच्या दावणीला बांधले गेले. बौद्ध बहुसंख्य आहेत म्हणून राज्य न्यायी होत नाही, आणि बौद्ध अल्पसंख्य आहेत म्हणून आपण आपोआप न्यायी ठरत नाही. राज्य कसे आहे हे पाहायचे असेल तर त्याच्या डोंगरावरच्या शेवटच्या लाइनमध्ये जाऊन, तिथल्या मजुराला मत आहे का, कागद आहे का आणि त्याच्या भाषेत त्याला दाद मागता येते का, एवढे विचार. आणि तो प्रश्न त्याच्यावर पहिला घाव पडतो तेव्हाच विचार. जाफन्याच्या पुढाऱ्यांनी तो विचारला नाही, त्याची किंमत त्यांच्या नातवंडांनी मोजली.

ज्येष्ठ उपासकांनाही नम्रपणे सांगतो, हा विषय विहारातच हवा. जयभीम.